विल्फ्रेडची रांग

“आज मेव्हिसला लग्नाचं विचारतोच! बघा तुम्ही!” विल्फ्रेड अ‍ॅक्रॉइडने आरशाला ठणकावून सांगितलं आणि टाय आवळला. मेव्हिस शनिवारी बहिणीकडे स्कॉटलंडला चालली होती, कायमची. आज नाही तर कधीच नाही!

तिची वाट चर्चच्या हॉलवरून जाते. विल्फ्रेड हॉलच्या बंद दाराशी उभा राहिला आणि दाराकडे तोंड करून वाक्यं घोकू लागला. तेवढ्यात मागे एक पिशवीवाल्या बाई येऊन उभ्या राहिल्या.

“रांग हीच ना?”

“अं... हो,” विल्फ्रेड भिडेपोटी म्हणाला.

इथेच घात झाला! इंग्रजीत रांगेत उभं राहायला खास क्रियापद आहे, आणि यॉर्कशरमध्ये ते देवाच्या आज्ञेसारखं पाळतात. रांग कशाची, हे विचारणं म्हणजे हावरटपणा. बघता बघता रांगेचं शेपूट बेकरीपर्यंत गेलं!

आणि शेपटाला कोण? मेव्हिस!

आता पहिलाच माणूस निघून गेला, तर मागच्यांनी काय समजायचं? विल्फ्रेड पिशवीवाल्या बाईंकडे वळला.

“बाई, माझी जागा धराल?”

“धरते की! जा निर्धास्त.”

तो धावत मेव्हिसपाशी पोचला. तोवर तिच्यामागे लेनर्ड खाटिक येऊन उभा होता. लेनर्ड नुसता खाकरला. पण त्या खाकरण्याने अख्खी रांग मागे वळली!

“मी मध्ये घुसत नाहीये हो!” विल्फ्रेड कळवळला आणि शहाण्यासारखा लेनर्डच्या मागे जाऊन उभा राहिला. मग लेनर्डच्या खांद्यावरून मान लांबवून ओरडला, “मेव्हिस! माझ्याशी लग्न करता का?”

बेकरीवालीच्या हातातला पाव खाली पडला.

मेव्हिस लाजली, गोंधळली, आणि मग हळूच म्हणाली, “अहो, लेनर्डने रविवारीच विचारलंय. त्याला अजून उत्तर दिलं नाही मी. त्याच्याआधी तुम्हाला कसं देऊ?”

रांगेतल्या सगळ्या माना डोलल्या. रास्त आहे! विल्फ्रेडचीसुद्धा मान डोलली. काय करणार, जन्माची सवय!

लेनर्डने वळून टोपी उचलली. “फार वेळ नाही लागायचा, विल्फ्रेड. ती नाहीच म्हणेल बहुधा.”

विल्फ्रेडला जरा धीर आला. तेवढ्यात मागून कोणीतरी खांद्यावर टिचकी मारली. पोस्टमन होता, केस नीट विंचरलेला, हातात फुलं.

“रांग हीच ना?”