मुबश्शीर सरांची वीस मीटर दोरी

कळमनुरीला प्राणिशास्त्र शिकवणारे मुबश्शीर सर पीएचडीच्या कामाला लागले, तेव्हा गाईड मॅडमनी धरणाच्या पाण्याची खोली मोजायचं यंत्र घ्यायला सांगितलं. सर हसले. दोरी कधी बिघडत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांचा विषय म्हणजे धरणातले झिंग्यांचे चुलतभाऊ, मोहरीपेक्षाही बारीक जीव. वरच्या पाण्यात मासे त्यांना गट्ट करतात, म्हणून काही जण खोल उतरतात आणि अंगात साठवलेल्या चरबीवर दिवस काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती केशरी थेंबासारखी दिसते. सरांनी नायलॉनच्या दोरीच्या टोकाला बारीक जाळी बांधली आणि वीस मीटरवर लाल चिंधी. चिंधी पाण्याला टेकली की जाळी बराबर वीस मीटरवर! दर रविवारी तांड्यावरचे भावसिंग होडी वल्हवायचे. दोरी त्यांच्याच घरी राहायची.

पहिल्या रविवारी थेंब टपोरे निघाले. मग लहान होत गेले. पाचव्या रविवारी तर ते जीव महिनाभर उपाशी असल्यासारखे दिसले. दोरी आताशा झपाट्यानं वर येते, हेही सरांना जाणवलं होतं, पण दंडात ताकद आली असेल म्हणून ते खूष होते. धरणातलं खाणं संपत चाललंय, असं त्यांनी मॅडमना कळवलं. भावसिंगनाही सांगितलं. तांड्यावर पोचेपर्यंत बातमी एवढी फुगली, की मच्छीमार सोसायटीनं मत्स्यबीज सोडायचं थांबवलं आणि सरांना सभेला बोलावलं.

सर तळमळून बोलले. सगळे चिंतेत पडले. शेवटी त्यांनी दोरी दाखवली, तशा भावसिंगच्या बायको शकुंतलाबाई उठल्या. त्याही सोसायटीच्या सभासद.

"सर, ही दोरी मापाची हाय का?"

"व्हय. काहून, मावशी?"

"मी दर आठवड्याला जराशी कापून राहिले व्हते. जाळीकडून. पण गाठ पक्की मारून देत व्हते."

तिथंच मोजली. चिंधीपासून जाळीपर्यंत अकरा मीटर भरली. उपाशी कुणीच नव्हतं. सर दर रविवारी थोडं आणखी वरचं पाणी गाळत होते, आणि वरचे जीव मुळातच बिनचरबीचे. सोसायटीनं मत्स्यबीज सोडायचं ठरवलं आणि लोक हसत घरी गेले.

सर गेले ते मोजपट्टी घेऊन शकुंतलाबाईंच्या मागोमाग. खोलीबरोबर चरबी वाढते हे तर सिद्ध झालं होतं, फक्त कुठल्या रविवारी किती खोली, ते हवं होतं. कापलेल्या चार तुकड्यांपैकी पहिला कपडे वाळत घालायला गेला, शेवटचा पाळण्याला. बाईंना सगळं बरोबर आठवत होतं.

प्रबंधात पाचपैकी चार रविवारांची खोली बिनचूक आली. तिसऱ्या रविवारापुढे ‘अंदाजे’ होतं. मॅडमनी कारण विचारलं.

"मॅडम, मधले दोन तुकडे दोन शेळ्यांना बांधले होते," सर म्हणाले. "त्यांनी एकमेकींचे चावून खाल्ले."