नळाआधीचे आभार

लोकशाहीत विकास आधी दिसावा लागतो, आणि मग सवडीने झाला तरी चालतो. पनवेल परिसरात तो साधारण वीस बाय दहा फुटांच्या बॅनरवर दिसतो.

बॅनरवर चेहऱ्याचा आकार योग्यतेनुसार ठरतो, हे अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. आमचे नेते इंद्रजीतशेठ कमरेपर्यंत, त्यांचे बंधू गळ्यापर्यंत आणि उरलेले एकोणचाळीस शुभेच्छुक टिकलीएवढे (त्यातले दोघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत, बॅनरवर शेजारी आहेत).

मार्चमध्ये शेठच्या वाढदिवसानिमित्त त्यांचा बॅनरप्रमुख परेश गावातल्या भामाबाईंकडे गेला. भामाबाईंच्या भातशेतीवर आता बावीस मजली टॉवर आणि पोहण्याचा तलाव आहे. त्या स्वतः तेव्हा हंडा घेऊन टँकरमागे धावत, त्यामुळे प्रकृती ठणठणीत होती.

"मावशी, हा नवा हंडा धरा आणि हसा जरा. वर लिहायचंय, 'घरी नळ आल्याबद्दल शेठचे आभार.'"

"पन नळ कुठं हाय?"

"येतोय ना! वाढदिवस काय नळासाठी थांबतो?"

भामाबाईंना हे पटलं. त्या हसल्या, फोटो झकास आला आणि परेश हंडा परत घेऊन गेला.

मे महिन्यात टँकर बंद झाला (नळ आलेल्या घरांना टँकर देणं नियमबाह्य आहे). भामाबाईंनी पाणीखात्याचं कार्यालय गाठलं. तिथल्या अरुंधती मॅडमनी फाइल उघडली. पुरावा म्हणून बॅनरचा रंगीत फोटो जोडलेला होता.

"या तुम्हीच ना?"

"मीच. पन नळ आलाच नाय, मॅडम. आमी प्यायचं काय?"

"मग हसताय कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही योजनेत नाही. मॅडम मनाने चांगल्या. त्यांनी मार्ग सुचवला. आभार मागे घेत असल्याचा अर्ज करायचा, त्यावर शेठची सही आणायची. शेठनी अर्ज दोनदा वाचला. आभार परत मागणारी बाई त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. ते फार दुखावले आणि सही राहून गेली.

आता भामाबाई दोन मैल चालत जाऊन पाणी आणतात. मला याचा राग येतो, पण तुमचं तसं नसावं. परवा पळस्प्याच्या नाक्यावर एक बाई भरलेला हंडा घेऊन रस्ता ओलांडत होती, तेव्हा तुम्ही गाडीतून जोरात हॉर्न वाजवलात. मग मान वर करून तोच आभारांचा बॅनर वाचलात आणि शेजारी बसलेल्यांना म्हणालात, "बघा, टॅक्स भरायचा आपण आणि फुकट सगळं यांना!"