दोन दारांच्या गाडीचं वय

बबनतात्यांना माणसाचं वय चेहऱ्यावरून कधीच सांगता आलं नाही. पहिल्या भेटीत माझ्याकडे नीट बघून त्यांनी साठ सांगितलं, तेव्हा मी सेहेचाळीसचा होतो. पण तोच माणूस एखाद्या बुटक्या, चकचकीत, दोन दारांच्या गाडीतून उतरत असला, तर तात्यांचा अंदाज वर्षभराच्या वर चुकत नसे.

मी हिर्डोशीच्या शाळेत मास्तर, घर उत्रोलीला. शाळा वेळेवर सुटते आणि एसटी तिच्या मर्जीने येते, त्यामुळे माझ्या आयुष्याचा बराच भाग थांब्याच्या कट्ट्यावर गेला आहे. तिथेच तात्यांची गाठ पडली. चौतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेला हा माणूस रोज दुपारपासून कट्ट्यावर बसलेला असे. घाटाकडे फिरायला निघालेल्या पुण्याच्या गाड्या समोरच्या टपरीवर चहाला थांबत. मोठ्या गाड्यांकडे तात्या ढुंकूनही बघत नसत. बुटकी गाडी दिसली की मात्र टोपी सारखी करून पुढे सरकत.

"गुरुजी, बसताना वय कळत न्हाई. उतरताना कळतं," हे त्यांचं पहिलं सूत्र. तिशीतला टुणकन बाहेर येतो. चाळिशीतला आधी कोण बघतंय का ते बघतो. पन्नाशी ओलांडलेला एक पाय बाहेर टाकतो, छपराला हात लावतो, तसाच जरा बसतो आणि मग कुलदैवताचं नाव घेऊन उठतो. एकदा केस काळेभोर केलेल्या एका गृहस्थांना तात्यांनी सरळ अठ्ठावन्न सांगून टाकलं. गृहस्थ तडकले, कुणी सांगितलं म्हणून विचारू लागले. तात्या अदबीने म्हणाले, "तुमच्या गुडघ्यांनी."

दुसरं सूत्र जास्त खोल होतं. मला वाटायचं, असल्या गाड्या तरण्या पोरांच्या. तात्यांनी ते खोडून काढलं. तरणा पोरगा गाडीला टेकून फोटो काढतो, किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते. पोरं लहान असतात तेव्हा मागचं दार लागतं, आई म्हातारी असते तेव्हाही लागतं. पोरं उडून गेली, आई गेली, की माणसाला एकदम आठवतं की आपल्याला काहीतरी पाहिजे होतं. "पंचावन्न ते साठ. त्याच्या आत कुणी भेटला तर बापाची गाडी समजा," असं ते सांगत, आणि बहुतेक वेळा खरंही निघे. माझी पन्नाशी जवळ आल्यावर त्यांनी मला सांभाळून राहायला सांगितलं. माझ्याकडे सायकल होती.

कार्तिकातल्या त्या दुपारी अजून आठवतात. भात कापून झालेलं असे, रस्त्याकडेच्या धरणाचं पाणी हलायचं विसरून गेल्यासारखं पडलेलं असे, आणि डोळे मिटले की एसटी आल्याचा भास होई. उघडले की रस्ता तसाच रिकामा. त्या गुंगीत तात्या हळू आवाजात बोलत राहत. मला त्या वेळा फार आवडत. घरी लवकर पोहोचलो तर काहीतरी हुकल्यासारखं वाटे.

अशाच एका दुपारी त्यांनी मला खरं कारण सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला, घाटाच्या चढावर, एक बुटकी गाडी त्यांच्या एसटीला मागे टाकून गेली. आत नवरा-बायको, दोघंच. बाई काहीतरी सांगत होती आणि गडी हसत होता. "म्या आरशात बघितलं. आमची सगुणा तिसऱ्या शिटीवर, मांडीवर बाजाराची पिशवी. गाडीत पन्नास माणसं, आन ती आपली गप." सगुणाकाकू भोरच्या बाजाराला तात्यांच्याच एसटीने जायच्या, पण चालू गाडीत चालकाशी बोलू नये अशी पाटी होती, आणि ती पाटी दोघांनी चौतीस वर्षं पाळली. तात्यांना तर इतकी सवय झाली की मोटारसायकलवरही काकू काही बोलल्या तर ते कडेला थांबून उत्तर देत.

आता काकूंना काचबिंदू झाला होता. एक डोळा गेला होता, दुसरा किती दिवस साथ देईल ते डॉक्टरही सांगत नव्हते. तो जायच्या आत काकूंना शेजारी बसवून, दोघांनीच, घाटाचा रस्ता पुढच्या काचेतून दाखवायचा, एवढंच तात्यांच्या मनात होतं. जीपमध्ये पुढे चौघं बसतात आणि मागून दहा जण बोलतात, म्हणून जीप नको. गाडी दोघांचीच हवी. काकूंनी चेष्टेने अट घातली होती: बहात्तराव्या वर्षी हे शोभतं का? तुमच्याहून थोरलं एखादं माणूस असल्या गाडीतून उतरलेलं दाखवा, मग बसते. तात्या कट्ट्यावर बसत होते ते त्या माणसाची वाट बघत. आजवर एकोणसत्तरच्या पुढे गाडी गेली नव्हती.

त्या दिवशी लाल गाडी आली. दार उघडलं. आधी काठी बाहेर आली, मग एक पाय, मग बराच वेळ काहीच नाही. तात्या उठून उभे राहिले. मग पांढऱ्या केसांची एक बाई बाहेर आली, एकटीच.

"त्र्याहत्तर," तात्या पुटपुटले.

बाईंना ऐकू गेलं. "शहात्तर," त्या म्हणाल्या आणि कट्ट्यावर येऊन टेकल्या. अंदाज तीन वर्षांनी चुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पाहिला नाही. तात्यांनी धावत घरी जाऊन काकूंना हाताला धरून आणलं आणि बाईंसमोर पुराव्यासारखं उभं केलं. सगळी हकिकत मीच सांगितली. बाईंनी ऐकून घेतलं आणि फक्त लायसन आहे का विचारलं. तात्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून काढून दाखवलं. मुदत संपली की ते न चुकता वाढवून आणत.

बाईंनी किल्ली पुढे केली. "माझ्या मुलाला मी ही देत नाही," त्या म्हणाल्या. "पण चौतीस वर्षं एसटी चालवणाऱ्याला द्यायला हरकत नाही."

दोघं बसले. इंजिन सुरू झालं. गाडी मात्र हलेना. तात्या दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत ताठ बसलेले. बाईंना वाटलं, गिअर कळत नसेल, म्हणून त्या उठू लागल्या. पण काकूंना कळलं होतं. त्यांनी काचेवर बोटाने दोनदा टकटक केलं, कंडक्टर घंटी देतो तशी. तात्यांनी गाडी सोडली.

धरणाच्या कडेने तो लाल ठिपका प्रत्येक वळणावर हॉर्न देत, बैलगाडीच्या वेगाने लांब गेला. बाई आणि मी बघत राहिलो. माझी एसटी आली आणि मला न घेता गेली, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

अर्ध्या तासाने ते परत आले. तात्यांनी उतरून किल्ली दोन्ही हातांनी परत केली. लाल गाडी गेल्यावर मी काकूंना विचारलं, घाट कसा दिसला.

"घाट कुणी बघितला," काकू म्हणाल्या. "चौतीस वर्षं ह्यांची नुसती पाठ बघितली. दिसतंय तवर म्हणलं तोंड बघून घ्यावं. जाताना बघितलं, येताना बघितलं."

तात्यांनी पटकन तोंड धरणाकडे फिरवलं. टोपी काढली, पुन्हा घातली. काकूंनी चाचपडत त्यांचा हात शोधला.

"अवं," त्या म्हणाल्या, "गाडी थांबलीया. आता बोलाया चालतंय."