तसं बरं चाललंय

मी फक्त एक आकडा बदलला. (खून करणारेही असंच काहीतरी सांगत असतील.)

अमेरिकेच्या थंडगार उत्तरेत, दुलूथमधल्या आमच्या घराच्या तळघरात आमची कंपनी आहे. मी मालक आणि बायको मार्लिस बाकी सगळं. छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी अनुदानातून आम्ही हृदयरोग्यांसाठी छातीला बांधायचा पट्टा बनवला. धाप वाढली किंवा ठोके चुकले, की तो किंचाळतो. पुढचं अनुदान हवं तर एका रुग्णाची महिनाभराची नोंद द्यायची होती. रुग्ण घरातच होता: सासरे हाल्वोर, वय एक्क्याऐंशी.

रोज सकाळी रुग्णाला ‘कसं वाटतंय?’ विचारून उत्तर लिहायचं, अशी सरकारी अट होती. आता आमच्याकडचा म्हातारा कोसळलेल्या झाडाखाली सापडला, तरी दुखतंय म्हणून थोडाच सांगणार?

विसाव्या दिवशी पट्टा किंचाळू लागला.

“बाबा, कसं वाटतंय?”

“तसं बरं चाललंय, जावईबापू.”

“धाप लागतेय का?”

“छे! जिनाच जरा उंच झालाय.”

मार्लिस म्हणाली, “दवाखान्यात नेऊ या.”

“अगं, ते स्वतः सांगताहेत ना! पट्टाच हळवा झालाय,” मी म्हणालो आणि धोक्याचा आकडा वर सरकवला. पट्टा गप्प झाला. नोंदवही कशी छान दिसू लागली!

दोन दिवसांनी सासरे गोठलेल्या तळ्याच्या बर्फात भोक पाडून मासे धरायला गेले, आणि तिथेच खुर्चीत निळे पडले. छातीवर माझा पट्टा होता, शहाण्या मुलासारखा शांत. शेजाऱ्याने पाहिलं म्हणून वाचले. ॲम्ब्युलन्समध्ये मी रडत विचारलं, “बाबा, कसं वाटतंय?”

त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. “तसं बरं चाललंय. मासा सुटला तेवढा.”

आता ते खिडकीतूनच तळं बघतात. जिना कायमचा उंच झाला. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

मी सरकारला सगळं खरं लिहून कळवलं. उत्तर आलं: ‘यंत्र भरवशाचं आहे. ते बनवणाऱ्याबद्दल तसं म्हणता येत नाही. अनुदान नामंजूर.’

मार्लिसने पत्र वाचलं, पट्ट्याचा आकडा जागेवर आणला आणि पट्टा माझ्या छातीला आवळला.

“कसं वाटतंय?”

“तसं बरं चाललंय,” मी म्हणालो.

पट्टा किंचाळला.