लोखंडी कोंबड्याचा दाखला

माझा नवरा ओरात्सिओ यानं एकसष्ट साली ‘लोखंडी कोंबडा’ हा कॉमिकमधला वीर काढला, हे आमच्या क्वीन्स भागातल्या खाटकालासुद्धा ठाऊक आहे; पण ते अधिकृत नाही. तो नोकरीला होता ती कंपनी कॉमिकवर छापखान्याचा पत्ता छापायची, चित्रकाराचं नाव नाही.

यंदा शहरातल्या एका संग्रहालयानं कोंबड्याला अख्खी भिंत दिली. कळवलं, चित्रकाराचं नाव लावू, फक्त प्रमाणित पुरावा आणा. पुरावा एकच: पहिला अंक. छापून आला त्या दिवशी त्यानं मुखपृष्ठावर सही करून तो मला दिला होता. ओरात्सिओ नव्वदीला टेकलाय. म्हटलं, डोळे मिटायच्या आत भिंतीवर नाव बघू दे. अंक पिशवीत घातला, नवऱ्याला चाकाच्या खुर्चीत, आणि कॉमिकच्या जत्रेत, जुने अंक तपासून, प्लास्टिकमध्ये सीलबंद करून दाखला देतात त्या खिडकीवर गेले.

खिडकीत प्रेस्कॉट नावाचा टकला गृहस्थ. भिंगातून बघून म्हणाला, “मॅडम, मुखपृष्ठ कुणीतरी लिहून खराब केलंय.”

“कुणीतरी नाही. ह्यानं.”

“सही करताना आमचा साक्षीदार हजर होता?”

“मी होते. सॉस ढवळत होते.”

“पत्नीचा हितसंबंध असतो.”

“साठ वर्षं ह्याचे मोजे धुतले. त्यात कसलं आलंय हित, बाबा?”

नियमात वाट होती. अधिकृत साक्षीदारासमोर नवी सही करायची. ओरात्सिओनं थरथरत्या हातानं जुन्या सहीखाली नवी केली. प्रेस्कॉटनं ताडून पाहिली.

“जुळत नाही.”

“कशाशी?”

“वरच्या सहीशी.”

“ती कुणीतरी केलीय म्हणालास ना?”

“बरोबर. म्हणजे हे गृहस्थ ते कुणीतरीसुद्धा नाहीत.”

ओरात्सिओ मुळात गरीब गाय. पण त्यानं पेन्सिल मागितली आणि अर्जाच्या पाठीवर कोंबडा काढला. तुरा, चोच, पोलादी पंख. सहीला थरथरणारा हात कोंबड्याला थरथरला नाही. रांगेनं टाळ्या वाजवल्या. प्रेस्कॉटही भारावला.

“सुंदर नक्कल, आजोबा! फक्त मूळ चित्रकार तुरा असा काढणार नाही.”

“अरे, अंक उघड!” मी ओरडले. “अकराव्या पानावर कोंबड्याची आई आहे. तिचं नाक बघ आणि माझं बघ!”

पण तोवर अंक जाड प्लास्टिकमध्ये कायमचा बंद झाला होता. उघडला तर दाखला रद्द. दाखल्यावर लिहिलं होतं: ‘मुखपृष्ठावर दोन अनोळखी व्यक्तींची खरड. दर्जा: दहापैकी अडीच.’

संग्रहालयानं दाखला प्रमाण मानला. भिंतीवर पाटी लागली: ‘चित्रकार: अज्ञात.’ उद्घाटनाला आम्ही तिकीट काढून गेलो. कोंबड्यासोबत फोटो काढायला ही झुंबड! एक बाई ओरात्सिओला म्हणाली, “आजोबा, जरा सरका हो, कोंबडा झाकला जातोय.”

तो सरकला. वर सॉरीही म्हणाला.

प्रेस्कॉटला हसलात ना? हसा. आता तुमच्या नातवाच्या दप्तरावर जो वीर उडतोय, तो पहिल्यांदा कुणाच्या हातानं काढला, तेवढं सांगा. आठवा, आठवा. मी थांबते. ओरात्सिओला तेवढा वेळ नाही.