कासव डावीकडेच जातं

अन्याय नामदेवतात्यांवर झाला. भातकापणी आटोपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारच्या खेळाला, मध्यंतराच्या आधी, शहापूरच्या एका थेटरात. रीतसर तिकीट काढून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला दोन पोरांनी काखेत हात घालून बाहेर आणलं आणि पायरीवर बसवलं. डोळ्यांवरचा चष्माही काढून घेतला. चष्मा थेटरचा होता, हे मान्य. पण काही पद्धत असते.

तात्या आमचे शेजारी. धसईच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला आमची वाडी. त्यांच्या आणि आमच्या घरात एक चिंच, एवढंच अंतर. माणूस साधा, पण एक खोड अशी की अख्खा तालुका वैतागावा. तात्या आपल्या डाव्या हाताला कोणालाही बसू देत नाहीत. कोणालाही म्हणजे सरपंचालाही नाही.

एसटीत खिडकीची जागा मोकळी सोडून ते कडेला बसतात आणि खिडकीशी आपली कापडी पिशवी ठेवतात. कंडक्टर म्हणतो, "आजोबा, पिशवीचं तिकीट काढलंय का?"

तात्या म्हणतात, "तिला वारा लागतो तवर बरी असते. नायतर वकते."

लग्नाच्या पंगतीत ते डावीकडची पत्रावळ उचलून वाढप्याच्या हातात देतात. ग्रामसभेत भिंतीला टेकून बसले, तरी भिंत आणि आपण यांच्यात एक माणूस मावेल एवढी जागा सोडतात. माझ्या बाबांचं मत होतं की तात्यांचा डावा कान गेलाय आणि माणूस लाजतोय. मी प्रयोग करून पाहिला. मागून डाव्या बाजूला जाऊन अगदी हळू म्हटलं, "तात्या, तुमची शेळी वालात शिरली." तात्या मी बोलून संपायच्या आत बांधावर होते. कान शाबूत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं ठरलेलं वाक्य : "हे काय खरं नाय." हवामानाचा अंदाज, पाकिटातलं बियाणं, दुकानातली साखर, सगळ्यांना हाच निकाल. मी भातसा धरणाच्या पाण्यावर पत्रक काढलं होतं. धरण आमच्या जिल्ह्यात, पाणी मुंबईला आणि हंडे आमच्या डोक्यावर. तात्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाले, "पाण्याचं खरं हाय गो. तुझं पत्रक काय खरं नाय. फारच वरडतेस तू."

तर असा माणूस माझ्यासोबत गावी परतताना मुरबाडच्या स्टँडवर एका पोस्टरपुढे उभा राहिला आणि त्यानं समोरची धसईची गाडी सोडली. पोस्टरवर कासव होतं. समुद्र शोधायला निघालेल्या कासवाचा जुना कार्टून सिनेमा, पूर्वी कधीतरी गावोगाव दाखवलेला. तोच आता फुगवून, थ्रीडी करून, पुन्हा थेटरात लावला होता.

"ह्ये कासव आमच्या वळखीचं हाय," तात्या म्हणाले. मग खूप वेळानं, तोंड दुसरीकडे करून, "नेशील काय मला?"

तात्यांनी आजवर आमच्याकडे विरजणसुद्धा मागितलेलं नाही. मी नेलं.

थेटर अर्धं रिकामं होतं. तात्यांनी डावीकडच्या खुर्चीवर छत्री ठेवली, काळा चष्मा लावला आणि ताठ बसले. सिनेमा सुरू झाला. कासव पडद्यातून निघून थेट आमच्या नाकापाशी आलं. पुढच्या रांगेतली पोरं किंचाळून हात लावायला लागली.

"हे पुढं कशाला येतंय?" तात्या म्हणाले. "बोलवलंय काय त्याला कोणी?"

मग कासव चालायला लागलं. तात्या अस्वस्थ झाले. "उलटं चाललंय."

"कोण?"

"कासव. डावीकडं जातं ते. समुद्र डावीकडं हाय."

त्यांनी चष्मा उलटा लावून पाहिला. वरचं खाली करून पाहिला. मग उभे राहून मागच्या भोकाकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाले, "मशीनवाल्या, उलटं लावलंस रे."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "आजोबा, मग तुमीच उलटे बसा ना."

तात्यांनी छत्री घेतली आणि पडद्यापाशी जाऊन तिथल्या पोराला सांगितलं, "मला मागं जाऊ दे."

"मागं काय नाय. भिंत हाय."

"पडद्याला मागली बाजू नाय? मग हे काय खरं नाय," असं म्हणून त्यांनी छत्रीच्या टोकानं पडद्याची कड उचलून बघितली. पुढचं वर सांगितलंच आहे.

मी पेटले होते. परतीच्या गाडीतच पत्रकाचा मथळा ठरला : आमचं कासव आम्हाला परत द्या. जुना सिनेमा घ्यायचा, त्यात हवा भरायची, वर त्याची दिशा बदलायची, आणि ज्याला मूळ आठवतं त्यालाच बाहेर काढायचं? पण आरोप करायचा तर साक्षीदार हवेत. हा सिनेमा तेव्हा धसईच्या बाजारतळावर दाखवला होता. तो पाहिलेल्या म्हाताऱ्यांना मी गाठायला लागले.

सगळ्या म्हाताऱ्यांनी एकच सांगितलं : कासव उजवीकडेच जायचं. तात्याला चळ लागलाय.

मी हिरमुसून घरी आले. माझी भागीआत्या सुपात नाचणी पाखडत होती. म्हणाली, "कोण बोलतो उजवीकडं? डावीकडंच जायचं. आमी सगळ्या बायांनी बघितलंय."

मी पुन्हा वाडीत फिरले. सगळ्या म्हाताऱ्या म्हणाल्या डावीकडे. गावाचे सरळ दोन तट पडले. एका घरात तर त्यावरून जुनं भांडण निघालं आणि मला चहा मिळाला नाही.

उलगडा आत्यानंच केला. बाजारतळावर दोन बांबूंना पांढरं कापड बांधायचे. मशीनच्या बाजूला, समोर, पुरुष बसायचे. बायकांनी कापडाच्या मागे बसायचं. चित्र कापडातून पलीकडे दिसायचं, फक्त उलटं.

आमच्या आया-आज्यांना या गावानं वर्षानुवर्षं उलटा सिनेमा दाखवला. त्याचा निषेध मी स्वतंत्र पत्रकात करणार आहे.

"अक्षरंबी उलटी दिसायची," आत्या म्हणाली. "पण आमाला सुलटी तरी कुठं वाचता येत होती?"

"मग तात्या मागं कसे?"

आत्यानं सूप खाली ठेवलं. "चांगुणामागं आला. नवं लगीन होतं. नवरा-बायकोनं चारचौघांत शेजारी बसायचं नाय तेवा. हा उठला नि कापडामागं येऊन बसला बायांत. पुरुष बोलले, नाम्या, आता बांगड्या भर. बसला तो. अख्खा सिनेमा बसला."

चांगुणाकाकी मला नीटशी आठवतही नाही. मी लहान असतानाच ती गेली.

तात्या ओट्यावर दावं वळत होते. मी चिंचेच्या फांदीवर पंचा टाकून पुढची बाजू, मागची बाजू सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे कासव बराबर होतं."

"हो, तात्या."

"आमीच उलट्या बाजूला होतो."

"हो."

त्यांनी दाव्याला दोन पीळ घातले. "नाय. आमची बाजू बराबर होती."

मग दाव्याकडेच बघत म्हणाले, "ती इथं होती. या हाताला. घरात सगळी माणसं, बोलाया मिळायचं नाय. कासव माझ्या अंगावरनं तिच्याकडं जायचं. ती पदर पसरून धरायची, आत येऊन पडेल म्हणून." त्यांनी दाव्याला गाठ मारली. "थेटरात ते सगळ्यांच्या मांडीवर आलं गो. नि तिच्या खुर्चीकडं पाठ केलीन त्यानं."

ते थेटराविरुद्धचं पत्रक मी काढलं नाही. हे काढते आहे.

भातसानगरच्या कॉलनीत एकांकडे तो जुना, न फुगवलेला सिनेमा आणि मशीन दोन्ही आहेत. एका संध्याकाळपुरतं द्यायला ते तयार आहेत. बांबू आमचे. अडलंय ते कापडावर. बाजारात पडदा म्हणून मिळतं ते जाड, पलीकडे काही दिसत नाही. तुमच्या घरात जुनं, विरलेलं, पांढरं धोतर असेल तर ते आणून द्या. फाटकं चालेल, आत्या शिवून देईल. येत्या रविवारी दिवेलागणीला धसईच्या बाजारतळावर या. बायांनो या, पुरुषांनो तुम्हीही या. समोर कोणीही बसायचं नाही. सगळ्यांनी कापडामागे बसायचं, आणि तात्यांच्या डाव्या हाताची जागा सोडून बसायचं.