पहिली मोहीम कोणती?

"मधूनच काय सुरू करतोस? पहिल्यापासून सांग!"

आईचा हा आवाज त्याने ऐकला तो लहानपणी, गुडघा फोडून घरी धावत आला तेव्हा. इकडे रक्ताची धार लागलेली, आणि हा बापडा सकाळी दात घासले तिथपासून सांगत बसला! तेव्हापासून क्रम म्हणजे त्याचा जीव की प्राण. पुढे तो पुस्तकं बांधणारा बाइंडर झाला यात नवल नाही. पानांचे गठ्ठे उचलावेत, एकाखाली एक लावावेत, शिवावेत. हात आपसूक चालत. मागचं पुढे कधी झालं नाही.

म्हणून धाकट्या बहिणीने संगणकावरचा एक मोहिमांचा खेळ घरी आणला, तेव्हा याने छाती ठोकली, "क्रमाचं माझ्यावर सोड!"

रविवारी धाकटी परगावी नोकरीला निघणार होती. त्याआधी दोघांनी मिळून खेळायचं ठरलं होतं. ड्रॅगन, जादूगार, शापित राज्य! मूळ मोहीम एक, मागाहून निघालेल्या जोडमोहिमा तीन. त्यातल्या सगळ्यात नव्या मोहिमेची गोष्ट घडते मात्र सगळ्यांच्या शंभर वर्षं आधी.

"मग तीच पहिली," तो म्हणाला. "आजोबांच्या आधी नातू कसा?"

पण ती मोहीम मुरलेल्या वीरांसाठी केलेली. यांच्या वीराच्या हातात नुसती काठी! वेशीवर एका बदकाने चोच मारली आणि वीर आडवा. पुन्हा उठवला, पुन्हा बदक!

"दादा, राज्य बदकालाच देऊन टाकू या," धाकटी हसून लोळायला लागली.

"दात काढू नकोस! निघाल्या त्या क्रमाने खेळू."

मग शंका आली, राजाचा खुनी कोण हे आधीच फुटलं तर? तो खेळांच्या दुकानात विचारायला गेला. दुकानदार म्हणाला, मूळ आधी. एक गिऱ्हाईक म्हणालं, दुसरी आधी. तिसऱ्याने दोघांना मूर्ख म्हटलं. प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत गेलं, दुकानदाराने शटर ओढलं!

शुक्रवारी त्याचं डोकं शापित राज्यात आणि हात बिचारे पोरके. संध्याकाळी गिऱ्हाईक वकीलसाहेब त्याने बांधून दिलेला जाडजूड ग्रंथ घेऊन थडकले.

"अहो, फिर्यादीच्या आधी निकाल! आरोपी पहिल्याच पानावर सुटला की!"

शनिवार सगळा टाके उसवण्यात गेला.

रविवारी दाराशी बॅग उभी. बोटांवर वाळलेली खळ घेऊन तो धावत आला. "सापडला क्रम! दुसरी निम्मी, मग मूळ, मग..."

"दादा, गाडी यायला थोडाच वेळ आहे. कुठूनही लाव."

"गोष्ट बिघडेल तुझी!"

"मी केव्हाच संपवलाय तो खेळ. मैत्रिणीकडे."

त्याने हळूच विचारलं, "कुठल्या क्रमाने?"

"हाताला लागेल तसा!"

"मग आठवडाभर बोलली का नाहीस?"

"तू इतका जीव ओतून क्रम लावत होतास. शेजारी बसायला बरं वाटत होतं." तिने बॅग उचलली. "पण दादा, डोळे मिटून जाडजूड ग्रंथ लावणारा तू. एवढंसं तुला ठरवता येईना?"

तो अंगठ्यावरची खळ खरवडत राहिला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"येत होतं गं," तो म्हणाला. "पण पहिली सुरू केली की शेवटचीही येणार. आणि तू जावंस, असं मला वाटतच नव्हतं."